अकोल्याले जाऊन राहिलो

आमच्या हॉकी क्लबाने चषक जिंकला त्या वर्षाची हकिगत मी आजवर किती जणांना सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही. लग्नाच्या मांडवात सांगितली, शाळेच्या बक्षीस समारंभात सांगितली, दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघतानासुद्धा सांगितली. ऐकणाऱ्याला ती आवडते, कारण शेवटी आम्ही जिंकतो. पण दर वेळी मी त्यातला एक आठवडा गाळत आलो. गोष्ट सांगता सांगता त्या आठवड्यापाशी आलो की मी पाणी प्यायचो, नाहीतर चष्मा पुसायचो, आणि एकदम अंतिम सामन्यावर उडी मारायचो.

त्या संघातला आता मी एकटाच उरलो आहे. मला दुरुस्त करायला कोणी नाही, तेव्हा ते काम मलाच करायला हवं.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. अमरावतीला आमचा क्लब होता आणि मी त्याचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे पत्रं लिहिणारा, स्टिका मोजून ठेवणारा आणि सामन्याच्या दिवशी लिंबं कापणारा. मी नुकताच एका हायस्कुलात मास्तर झालो होतो. खेळायचो लेफ्ट-हाफच्या जागेवर, बरा खेळायचो. बरा, म्हणजे सामना संपल्यावर ज्याच्याबद्दल कोणी काही बोलत नाही, तसा.

ज्याच्याबद्दल सगळे बोलायचे तो माझ्या शेजारी, मध्यभागी खेळायचा. आमचा सेंटर-हाफ. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या नातवंडांना विचारण्याचं धैर्य मला झालेलं नाही. वडाळीच्या बाजूला त्यांचा मळा होता. वडील लवकर गेलेले. भाजी इतवाऱ्याच्या बाजारात हा विकायचा आणि फुलं घेऊन त्याची आई अंबादेवीच्या देवळापाशी बसायची. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे शिकलो, तो चौथीनंतर मळ्यात गेला, पण आमचं 'अरे-तुरे' सुटलं नाही.

वऱ्हाडी बोली मी त्याच्याकडूनच शिकलो. आमच्या घरात वडील वकील, बोलणं पुस्तकासारखं. मी 'मले' म्हटलं की आई म्हणायची, "तोंड धुऊन ये." मग मी घरात 'मला' म्हणायचो आणि मळ्यात 'मले' म्हणायचो. लहानपणी दोन्हीकडं चाललं. मोठेपणी मी वऱ्हाडी फक्त त्याच्याशीच बोलायचो, तेही आजूबाजूला कोणी नसलं तर. हे त्याच्या लक्षात आलं होतं. चारचौघांत मी शुद्ध बोलू लागलो की तो हात जोडून म्हणायचा, "सेक्रेटरीसाहेब, आमच्यासारख्यायले समजन असं बोला नं!"

आमचं मैदान त्यानं केलं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मुळात ती काळी कापसाची जमीन. हिवाळ्यात तिला अशा भेगा पडत की स्टिकचं टोक आत जाई. दोन उन्हाळे त्यानं बैलगाडीनं मुरूम आणून टाकला, आम्ही रोलर ओढला. मग तो त्या मैदानाला पाणी देऊ लागला, वांग्याच्या वाफ्याला देतात तसं, बेतानं, पायानं माती सरकवत. कुठं किती पाणी मुरतं, कुठं चेंडू घसरतो, कुठं थांबतो, हे त्याच्या तळपायाला माहीत असे. एकच जागा त्याला दाद देत नव्हती. गावातल्या कँप भागाकडच्या गोलासमोर, वर्तुळाच्या तोंडाशी, डाव्या अंगाला हातभर तुकडा. कितीही मुरूम टाका, तो खाली दबे आणि कड वर राही. तिथून मारलेला चेंडू छातीइतका उडायचा. त्या जागेला त्यानं 'उचकी' नाव ठेवलं होतं. "चेंडूले उचकी लागते तिथं," म्हणायचा. "कोन आठवन काढते त्याची, देव जाने!" ती जागा नेमकी कुठं आहे ते त्यानं मला एकट्याला पायानं दाबून दाखवलं होतं. बाकीच्यांना कळलं असतं तर प्रतिस्पर्ध्यांच्या कानावर गेलं असतं.

त्या वर्षी आमचा संघ चांगला जमला होता. उपांत्य सामना आम्ही जिंकला, पण त्यात आमच्या गोलकीपरच्या गुडघ्याची वाटी फुटली. दुसरा गोलकीपर आमच्याकडं नव्हता. अंतिम सामन्याला तीन आठवडे होते. गाठ अकोल्याशी आणि मैदान आमचं.

अकोल्याची अडचण बरोबर उलटी होती. त्यांच्याकडं दोन गोलकीपर होते, त्यातला एक नुसता बसून असायचा. पण त्यांच्या सेंटर-हाफची नोकरीत बदली होऊन तो जबलपूरला गेला होता. एके दिवशी त्यांच्या सेक्रेटरीचं पत्र आलं: तुमचा सेंटर-हाफ आम्हाला सोडा, आमचा गोलकीपर घ्या. स्पर्धेच्या नियमांत तशी सोय होती. क्लबानं लेखी परवानगी दिली की खेळाडू हंगामाच्या मध्येही दुसरीकडं जाऊ शके. फक्त एकदा सोडलेला माणूस त्या हंगामात परत घेता येत नसे. त्या कागदाचं इंग्रजी नाव मोठं होतं. आम्ही त्याला सोडचिठ्ठी म्हणायचो.

कमिटी चौघांची होती. अध्यक्ष पुण्याहून वकिली करायला आलेले, त्यांना अमरावतीत पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. एक डॉक्टर, सांगलीकडचे. एका जिनिंग फॅक्टरीचे पारशी मॅनेजर, ज्यांचं मराठी फॅक्टरीत चालेल इतपत होतं. आणि मी. त्या टेबलाशी वऱ्हाडात जन्मलेला मी एकटाच.

पहिल्या बैठकीत डॉक्टर तावातावानं बोलले. "मधला खांब काढून देता आणि दाराला कडी बसवून घेता? छप्पर कशावर राहणार?"

मॅनेजर हसले. "डाक्टरसाब, दार उघडा राहिला ने चोर आत आला, तर तो खांब बघून परत जाणार काय?"

"चोर दारापर्यंत येऊच देत नाही तो पोरगा!"

"एक वेळ नाय येऊ देणार. दोन वेळ नाय. तिसरी वेळ?"

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. मी पुढं आयुष्यभर या प्रश्नाचा विचार केला आहे. भर हंगामात संघानं आपला मुख्य माणूस द्यावा का? खेळाच्या बाजूनं पाहिलं तर कधी द्यावाही लागतो. उघड्या गोलानं सामना जिंकता येत नाही. पण अध्यक्ष जे बोलले ते मला तेव्हाही पटलं होतं. ते म्हणाले, "खेळाचं गणित काहीही असो. ज्यानं आपलं मैदान केलं, त्याला त्याच्या मनाविरुद्ध आपण कुठंही पाठवणार नाही. त्याला विचारा. तो नको म्हणाला तर विषय संपला." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचा मित्र आहे. तुम्हीच विचारा. शुक्रवारी सांगा."

म्हणजे सगळं त्याच्या एका होकार-नकारावर होतं आणि तो मी आणायचा होता.

गुरुवारी सकाळी मी इतवाऱ्यात गेलो. तो पालकाच्या जुड्या बांधत होता. त्याचा चेहरा ओढलेला होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बरं झालं आला तू. अक्काचा निरोप आला अकोल्याहून. दिवस भरले तिचे, अन् तब्येत ठीक नाही म्हनते. सासू नाही तिले. मायले देवळापासची जागा सोडता येत नाही. मले जा लागन."

"कधी?"

"आज नाहीतर उद्या. कोनी सोबत भेटलं की निंगतो. जातानी चिठ्ठी टाकून जाईन अध्यक्षाच्या बंगल्यावर, स्टेशनच्या वाटेवरच हाय. कमिटीले मालूम असलेलं बरं, नाहीतर म्हनतीन, प्रॅक्टिसले दांडी मारली. सोमवारी मैदानावर हाजर. तवरोक उचकीवर पानी मार दोन बादल्या."

त्याला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. बहिणीच्या काळजीत असलेल्या माणसाला काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढं तरी खरं होतं, असं मला वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या बंगल्यावर बैठक होती. मी पोचलो तेव्हा ते हातात एक कागदाचा तुकडा घेऊन उभे होते. दुपारी कोणीतरी फाटकाशी माळ्याकडं देऊन गेलं होतं, वर 'हाकी कलब' असं लिहिलेलं, म्हणून त्यांनीच उघडला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"सेक्रेटरी साहेबास रामराम. मी अकोल्याले जाऊन राहिलो. कळावे."

एवढंच होतं. कारण लिहिलं नव्हतं. कारण तो मला सांगून गेला होता.

अध्यक्षांनी कागद टेबलावर ठेवला. "गेला," ते म्हणाले. "नुसता गेला नाही. जाऊन राहिला! आपण विचारायच्या आत त्यांनी त्याला गाठलं, आणि हा तिथं मुक्कामाला जाऊन बसलासुद्धा."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी इथं थांबायला हवं. आमच्याकडं 'जेऊन राहिलो' म्हणजे जेवतो आहे, 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे. 'जाऊन राहिलो' म्हणजे निघालो आहे, वाटेत आहे. त्यात राहण्याचा काही संबंध नाही. पण पुण्याच्या माणसाच्या कानाला त्या चार शब्दांचा अर्थ सरळ दिसत होता: गेलो आणि तिथंच राहिलो. आदल्या आठवड्यात अकोल्याची मागणी आलेली. त्या अर्थावर शंका घ्यावी असं त्या खोलीत कोणाला काही वाटलं नाही.

मला अर्थ माहीत होता. कारण माहीत होतं, परत यायचा वार माहीत होता. एक वाक्य बोलायचं होतं. "साहेब, वऱ्हाडीत याचा अर्थ 'मी जातो आहे' असा होतो." माझ्या जिभेवर आलं होतं ते.

सगळ्यांत जास्त दुखावले ते डॉक्टर. दोन दिवसांपूर्वी त्याच्यासाठी भांडलेला माणूस. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "द्या सोडचिठ्ठी. आजच्या आज द्या. आणि तो गोलकीपर मागवून घ्या."

मी गप्प बसलो. अध्यक्षांनी कागद पुढं सरकवला आणि मी माझ्या अक्षरात, स्वच्छ इंग्रजीत, सोडचिठ्ठी लिहिली. खाली सही केली.

आज चार दिवसांनी हे पान पुन्हा वाचलं. गप्प बसलो, असं वर लिहिलं आहे. तेही पुरतं खरं नाही. खरं लिहायला बसून पुन्हा मी पाणीच पीत होतो. गप्प बसण्याआधी एक प्रश्न आला होता. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला काही बोलला होता का हो?" आणि मी "नाही" म्हणालो होतो.

का म्हणालो? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की लाज वाटली. त्या सुशिक्षित माणसांसमोर त्या बोलीचा अर्थ सांगणं म्हणजे ती माझीही बोली आहे हे कबूल करणं, आणि ते मला जड गेलं. हे कारण थोडंसं खरं आहे आणि सांगायला बरं वाटतं. दुसरं कारण असं, की सोडचिठ्ठी लिहून झाल्यावर मी घरी गेलो नाही. मैदानावर गेलो. अजून उजेड होता. मैदान मोकळं होतं. मी माझी लेफ्ट-हाफची जागा सोडून मध्यभागी जाऊन उभा राहिलो. तिथून दोन्ही गोल सारखे दिसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पत्र दुसऱ्या दिवशीच्या टपालानं जायचं होतं. म्हणजे माझ्या हातात सबंध संध्याकाळ होती. सकाळी मी ते स्वतः टाकलं.

सोमवारी तो आला.

गोलकीपर अजून अकोल्याहून आला नव्हता, पण बातमी संघात पसरली होती. आम्ही नुकती सुरुवात केली होती आणि मी मध्यभागी होतो. तो फाटकातून जवळजवळ पळतच आला, एका हातात स्टिक, दुसऱ्या हातात पुडा. "मामा झालो बे!" लांबूनच ओरडला. "पोरगी झाली अक्काले! दोघी बी खुशाल हायेत! घ्या, पेढे घ्या, सोडा तो चेंडू!"

कोणी हललं नाही. त्यानं पुडा उघडून पहिल्याच्या पुढं धरला. आमचा राइट-आउट जिभेचा तिखट होता. तो म्हणाला, "कोनाचे पेढे हायेत? अक्काचे का अकोल्याच्या क्लबाचे?"

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला. "क्लब कायले पेढे देते रे मले? घे, खाय."

"तूच खाय. तुले गोड लागतीन."

मग त्यानं मला पाहिलं. मी कुठं उभा आहे ते पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. मी त्याला रोलरपाशी बाजूला घेतलं.

"तुले सोडचिठ्ठी देली," मी म्हणालो. "अकोल्याच्या संघासाठी. तिकडचा गोली इकडं येणार आहे."

तो एकच शब्द बोलला. "काहून?"

"कमिटीनं ठरवलं."

"माही चिठ्ठी नाही भेटली का?"

"भेटली."

मी त्या एका शब्दानं त्याला काय सांगितलं होतं, ते मला बोलल्यावर समजलं. चिठ्ठी भेटली, म्हणजे कारण मी सांगितलंच असणार, आणि तो बहिणीच्या बाळंतपणाला गेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून, तो तिच्या उशाशी बसलेला असताना, आम्ही त्याला एका गोलकीपरच्या बदल्यात देऊन टाकलं. असंच तो समजला. दुसरं काय समजणार?

"तू होता त्या मीटिंगमंधी?"

"होतो."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. पेढ्यांचा पुडा त्यानं रोलरवर ठेवला, कागद नीट मिटून. जाताना उचकीपाशी थांबला, वाकून हात लावला. "पानी नाही मारलं तू," म्हणाला आणि गेला.

तो अध्यक्षांकडं जाईल, भांडेल, आणि सगळं उघडं होईल, अशी मला दोन दिवस भीती होती. तो गेला नाही. ज्या घरानं आपल्याला बाहेर काढलं त्याच्या दारात जाऊन उभा राहील असा तो नव्हता. अकोल्याची माणसं मात्र त्याच्या मळ्यात येऊन, त्याच्या आईच्या पाया पडून, त्याला मानानं घेऊन गेली. आणि खेळल्याशिवाय त्याला राहवलं नसतं.

अंतिम सामन्याला अवघी अमरावती लोटली होती. तो अकोल्याच्या कपड्यांत मैदानावर आला तेव्हा त्याच लोकांनी, जे महिन्याभरापूर्वी त्याला खांद्यावर घेऊन नाचले होते, "अकोल्याचा जावई आला! जावयाले पाट द्या!" म्हणून आरडाओरडा केला. खेळ सुरू व्हायच्या आधी तो सवयीनं वाकला आणि पायाखालचे चार खडे उचलून बाहेर फेकले. ते पाहून लोक आणखी हसले.

मी मध्यभागी खेळलो. चांगला खेळलो नाही. तरी पूर्वार्धात आम्ही एक गोल केला, आणि तो अकोल्याचा गोलकीपर, आता आमचा, दगडासारखा उभा राहिला. सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली असतील. माझ्या मित्रानं आमच्या उजव्या बाजूनं चेंडू काढला, दोघांना चुकवलं आणि वर्तुळाच्या तोंडाशी आला. समोर गोल उघडा होता. गोलकीपर दुसऱ्या खांबाकडं झुकलेला. मी त्याच्या अंगावर धावलो, वाकून, स्टिक पुढं करून. चेंडू नेमका उचकीवर होता.

त्यानं स्टिक मागं नेली. आणि माझ्याकडं पाहिलं.

तिथून मारला असता तर चेंडू उडाला असता. माझं तोंड त्याच्या रेषेत होतं. हे त्या मैदानावर दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. त्यानं हात आवरला. चेंडू वीतभर पुढं ओढला, सपाट जागेवर घेतला आणि मग मारला. तेवढ्या वेळात गोलकीपर परत आला होता. त्यानं पायानं चेंडू अडवला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

लोक म्हणाले, अदलाबदल बरोबर ठरली. मॅनेजर डॉक्टरांना म्हणाले, "बघा, कडी लागली."

आमचे हार नेहमी त्याच्या आईकडूनच यायचे. त्या दिवशीही आधीच सांगून ठेवले होते. तिनं ते आणले. झेंडूचे, मधे तुळस घातलेले, अकरा. टोपली टेबलावर ठेवली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोजून घ्या, मास्तर." लहानपणापासून ती मला नावानं हाक मारत आली होती.

पलीकडं अकोल्याचे लोक त्याच्यावर खेकसत होते. उघडा गोल समोर असताना थांबला कसा? जुन्या गाववाल्यांना सामील आहे! "इतकंच प्रेम होतं तर आला कायले इकडं?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तो बूट सोडत बसला होता. दोन्ही गावांनी एकाच दिवशी त्याला बेइमान ठरवलं, आणि तो तसा नव्हता हे ज्याला ठाऊक होतं, तो गळ्यात त्याच्या मळ्यातल्या झेंडूचा हार घालून दहा पावलांवर उभा होता.

त्यानंतर तो हॉकी खेळला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी मळा दुसऱ्याला दिला आणि आईला घेऊन तो बहिणीच्या गावी, मोर्णा नदीच्या काठी वाडी करायला गेला. म्हणजे अध्यक्षांनी चिठ्ठीचा जो अर्थ लावला होता तो शेवटी खरा झाला. तो अकोल्याला गेला आणि तिथंच राहिला.

आमच्या मैदानाला कोणी पाणी दिलं नाही. दोन हिवाळ्यांत पुन्हा भेगा पडल्या.

अकोला काही लांब नाही. बडनेऱ्याला गाडी बदलली की दुपारपर्यंत माणूस पोचतो. पेपर तपासायला मी कितीदा तिथं गेलो असेन. दर वेळी ठरवून जायचो आणि तो बसायचा त्या बाजाराच्या बाजूला न जाता परत यायचो. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मात्र एकदा गेलो. गाडीत बसून वाक्य पाठ केलं होतं, पोरं कविता पाठ करतात तसं.

तो भाजी मांडून बसला होता. केस पांढरे, पण बसणं तेच, एक गुडघा वर. मी पुढं उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला.

"कोन? ... मास्तर?"

"ओयखलं?"

"चालीवरून ओयखलं. डावा पाय अजूक फेकतं तू." त्यानं पोतं झटकून जागा केली. "बस. चहा सांगतो."

आम्ही बसलो. त्यानं माझ्या मुलांची चौकशी केली, मी त्याच्या. ज्या भाचीचे पेढे त्यानं रोलरवर ठेवले होते तिला नातवंडं झाली होती. मग त्यानं विचारलं, "ग्राउंड हाय का?"

"नाही. घरं झाली तिथं."

"उचकीवर कोनाचं घर आलं?" तो हसला. "भिंत फाटत असन त्याची."

मीही हसलो. चहा आला. तो बशीत ओतून प्याला, मिशी पुसली आणि रस्त्याकडं बघत, अगदी सहज म्हणाला, "एक इचारू? आता काही राग नाही. त्या गोलीसाठीच देलं का रे मले? का आनखी काही होतं? माय मरेपर्यंत इचारत होती, तुहं काय चुकलं होतं. मले सांगता नाही आलं."

वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं. आणि मी म्हणालो, "फार वर्षं झाली आता त्याला."

शुद्ध मराठीत म्हणालो.

तो मान हलवून म्हणाला, "हाव. वर्ष तं झाले." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उठताना त्यानं माझ्या पिशवीत चार मोठी वांगी टाकली. "भरताची हायेत. काड्यांवर भाजजो, गॅसवर नको. अन् येजो पुन्हा."

मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या भाचीचं पोस्टकार्ड आलं. मामा गेले, एवढंच होतं त्यात. माझा पत्ता तिला कुणी दिला होता, ते लिहिलेलं नव्हतं. त्यानंच सांगून ठेवला असेल.

त्या दिवशी गाडीत जे पाठ केलं होतं ते अजून तसंच पाठ आहे. त्याच्याच बोलीत केलं होतं. कमिटीत मला त्या बोलीची लाज वाटली होती, म्हणून माफी तरी तिच्यातच मागावी, असं ठरवलं होतं. बाजारात, पोत्यावर, चहाची बशी हातात असताना, एवढंच म्हणायचं होतं:

गड्या, तुहं काहीच चुकलं नव्हतं. तुही चिठ्ठी मले समजली होती. त्यायनं वाचली तवाच समजली होती. मी बोललो नाही. मले माफ कर.